शेक

“तरन्या सुनेनं पडून राहावं अन् म्हाताऱ्या सासूनं शेकावं, असा जमाना आला माय,” तव्यावर पुरचुंडी दाबत सोनाबाई पुटपुटल्या.

रंजीता चटईवर पालथी पडून ऐकत होती. मानेपासून टाचेपर्यंत तिचं अंग ठणकायचं आणि तपासण्यांत काहीच निघायचं नाही. घरातलं कोणी तिला खोटारडी म्हणत नव्हतं. सगळे नुसतं “बरं” म्हणून उठून जायचे. इचोड्याच्या वैद्यांनी निर्गुंडीचा पाला तिळाच्या तेलात परतून, फडक्यात बांधून शेकायला सांगितलं होतं. चटका बसतो का, ते शेकणारीनं आधी स्वतःच्या अंगावर पाहायचं.

तेलाचा वास दाटत गेला. पुरचुंडी खांद्यावर टेकली, पाठीवरून उतरली, आणि रंजीताला वाटलं, आपण कापसाच्या भरल्या गाडीवर पडलोय आणि बैल आपल्याच मनानं कुठंतरी निघालेत.

मग बराच वेळ पुरचुंडी आलीच नाही. तिनं मान वळवली. सोनाबाई डोळे मिटून पुरचुंडी स्वतःच्याच खांद्याला लावून बसल्या होत्या. तिथून ती कमरेला गेली, मग सावकाश गुडघ्याला.

“आत्याबाई, काय करून राह्यल्या?”

“चटका पाहून राह्यली.”

“आता त थंडी झाली असन ते.”

सोनाबाईंनी डोळे उघडले नाहीत.

“खोटं नाही माय तुहं दुखनं,” त्या म्हणाल्या. “मलेबी सारं अंग असंच दुखते. म्या कोनाले सांगतलंच नाही.”