सुटलेली बॅग

सान्वीने पुन्हा तीच बॅग सोडली. स्क्रीन लाल झाली आणि मागे उभ्या असलेल्या सिल्वेस्टर सरांनी कपाळाला हात लावला.

"अगं, एवढा मोठा सुरा आहे. माझ्या शेजारच्या म्हातारीलाही दिसेल, चष्म्याशिवाय."

नौपाड्यातल्या या क्लासमध्ये विमानतळावर सामान तपासणारी मुलं तयार होतात. सरावाला एवढ्या बॅगा आणणार कुठून? म्हणून प्रत्येक नव्या बॅचने पहिल्या दिवशी आपापली बॅग यंत्रातून काढायची, हा इथला शिरस्ता. ती एक्स-रे चित्रं पुढच्या बॅचना सरावाला राहतात आणि त्यांत कॉम्प्युटर कधी पिस्तूल घुसवतो, कधी सुरा. दिसलं की बटण दाबायचं. पकडलेली बॅग पुन्हा समोर येत नाही. सुटलेली मात्र फिरून फिरून येते, पकडेपर्यंत पिच्छा सोडत नाही.

सान्वी पोरगी तशी भलती तयार. बाकीचे डोळे फाडून बघत बसायचे तेवढ्यात हिचं बटण दाबून झालेलं असायचं. आणि ही एकच बॅग ती रोज सोडत होती. सरांना आधी गंमत वाटली, मग राग यायला लागला. आज बाकीची मुलं चहाला खाली गेली, तसे ते स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

"संध्याकाळी परीक्षेसाठी नावं पाठवायची आहेत. ही राहिली तर तुझं नाव जाणार नाही. तुला खरंच सुरा दिसत नाही?"

"दिसतो."

"मग?"

बॅग परत आली होती. सान्वीने स्क्रीनवर बोट ठेवलं. "डब्यात हे नारिंगी गोळे आहेत ना सर, ते रव्याचे लाडू. पहिला दिवस म्हणून आईने सगळ्यांना वाटायला दिलेले. ही छत्री माझी, मला न विचारता नेलेली. सुरा तेवढा तुमच्या कॉम्प्युटरचा."

सरांना ते लाडू आठवले. देणारी मुलगीही आठवली. समीक्षा, मागच्या बॅचची. कोर्स अर्ध्यावर असतानाच मानपाड्याला ट्रेलरखाली गेली होती. दोघींचं आडनाव एकच, रोज हजेरी घेतो आपण, तरी डोक्यात कसं आलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"ताईची बॅग आम्हाला मिळालीच नाही," सान्वी म्हणाली. "रस्त्यावरून कोणी उचलली काय माहीत. आता ती फक्त इथे आहे."

स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंद उतरत होते.

"ही मी काढून टाकतो," सर हळूच म्हणाले. "तू नको दाबूस."

"नको सर, मीच दाबते. मला नोकरी पाहिजे. घरात आता कमवायला मीच आहे."

तिने बटणावर बोट ठेवलं आणि तशीच बसून राहिली. डबा, छत्री, चाव्यांचा जुडगा, केसांचा चाप. सगळं ती एकेक करून बघत होती. सरांना तिच्याकडे बघवेना. ते खिडकीबाहेर रिक्षांच्या रांगेकडे बघत राहिले.

बटणाचा आवाज झाला. स्क्रीन हिरवी झाली, बॅग सरकत गेली आणि तिच्या जागी कुणाचे तरी बूट आले.

"शाबास," सर म्हणाले. त्यांनी खिशात रुमाल शोधला. "नाव पाठवतो मी तुझं. जा, घरी फोन कर. आई खूश होईल."

सान्वीने फोन हातात घेतला, पण लावला नाही.

"आई रोज दारातच उभी असते सर," ती म्हणाली. "मी चप्पल काढायच्या आधीच ती विचारते, आज ताईची बॅग आली होती का म्हणून."