निचरा

"अगं, ती पिठाची चाळण आहे!" सासूबाई म्हणाल्या.

"होती," सून म्हणाली आणि तिने रेतीची आणखी एक ओंजळ चाळणीत टाकली.

गॅलरीभर वर्तमानपत्रं पसरली होती. एका बाजूला भरड रेतीचा ढीग, विटेचे बारीक फोडलेले तुकडे आणि मूठभर माती. दुसऱ्या बाजूला सासूबाईंनी आणून ठेवलेली शेणखताची पिशवी, तोंड उघडं टाकून, आपल्याला कधी विचारतात याची वाट बघत. मध्ये जेडचं झाड आडवं पडलं होतं. त्याची जाडजूड पानं आठवडाभर टपाटप गळत होती, आणि खोड बुंध्याशी दाबलं की मऊ लागत होतं.

ठकूचा जन्म झाला तेव्हा सुनेच्या आईने स्वतःच्या झाडाची फांदी खुडून, कागदात गुंडाळून आणली होती. तेच हे झाड. उद्या सकाळी आई येणार होती. आल्याआल्या आधी नातीला उचलणार आणि तिला कडेवर घेऊन थेट गॅलरीत येणार, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं.

"नुसती रेती घालतेस त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "विहीणबाई म्हणतील, या घरात झाडालासुद्धा उपाशी ठेवतात."

"आई, याची भूकच कमी असते. पाणी साचलं की मुळं कुजतात. वरून घातलेलं खालून निघून जायला हवं."

"ठकूचंही तू हेच म्हणतेस, भूकच कमी आहे तिची. माझ्याकडे असली की बघ कसा दुधाचा पेला रिकामा करते!"

सून पुन्हा चाळणीकडे वळली. तिच्या हातून ठकू दूध घ्यायची नाही. ओठ घट्ट मिटायची, मान फिरवायची, फ्रॉकवर सांडायची. सासूबाई मात्र ऊन उतरलं की तिला गॅलरीत बसवायच्या, हातात पेला द्यायच्या, आणि दोरीवरचे कपडे काढून होईपर्यंत पेला लख्ख. कामावरून आल्यावर सुनेला तो रिकामा पेला रोज ओट्यावर दिसायचा. दिसेल असाच ठेवलेला असायचा.

तिने मुळं झटकली. जुनी माती चिकट गोळ्यासारखी सुटून आली.

"शी! काय आंबूस वास येतोय!"

सासूबाईंनी वाकून हुंगलं. "माती देताना त्या नर्सरीवाल्याने तिच्यात कसलं तरी नासकं खत घातलंय. म्हणून म्हणते, आपलं चांगलं खत घाल."

"नको."

"चिमूटभर?"

"चिमूटभरसुद्धा नको, आई."

काळी पडलेली मुळं तिने कात्रीने कापली. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवला, रेती भरली, झाड उभं केलं, बाजूने विटेचे तुकडे दाबले. थोडं कलतं, टक्कल पडल्यासारखं, पण उभं राहिलं ते.

"चला, कुणाच्या तरी दुधाची वेळ झाली," म्हणत सासूबाई आत गेल्या आणि पेला घेऊन आल्या. "आज तू घरी आहेस ना? बघून घे कशी पिते ते." पेला ठकूच्या हातात देऊन त्या सवयीने दोरीकडे वळल्या. सून वर्तमानपत्रं गोळा करायला वाकली.

मागून आवाज आला, "पी गं माझी सोनुली. एकच घोट. शेवटचा हं!"

आवाज ठकूचा होता. चाल मात्र हुबेहूब सासूबाईंची.

दोघींनी एकदमच वळून पाहिलं. ठकू कुंडीपुढे उकिडवी बसली होती. एका हाताने खोडाला थोपटत होती आणि दुसऱ्या हातातला पेला रेतीवर पालथा करत होती. "शाब्बाश! संपलं!"

दूध रेतीवर क्षणभर टेकलं आणि दिसेनासं झालं. मग कुंडीच्या बुडातून एक पांढरी धार निघाली आणि फरशीवरून वाट काढत थेट सासूबाईंच्या पायाशी येऊन थांबली.

सासूबाई हातात ठकूचाच वाळलेला फ्रॉक धरून त्या धारेकडे बघत राहिल्या. ओट्यावरच्या सगळ्या रिकाम्या पेल्यांचं उत्तर सुनेच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते तिने गिळून टाकलं.

"निचरा चांगला आहे," ती म्हणाली.

सासूबाईंच्या तोंडून फस्सकन आवाज आला. मग त्या फ्रॉक तोंडाशी धरून खालीच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं बाई! म्हणजे इतके दिवस मी या झाडाला दूध पाजत होते?" काय झालं ते ठकूला कळलं नाही. पण दोघी हसतायत म्हणून तीही हसली.

कुंडी पुन्हा रिकामी करावी लागली. उरलेली कोरडी रेती चाळायला या वेळी चाळण सासूबाईंनी धरली. शेणखताच्या पिशवीचं तोंड त्यांनीच बांधलं आणि पिशवी पायाने कोपऱ्यात सरकवली.

"विहीणबाईंना काय सांगायचं?"

"सांगू, लाडावलं होतं जरा."

हात धुऊन सासूबाई दुधाचं भांडं घेऊन आल्या. पेला भरता भरता अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी ठकूकडे पाहिलं, मग कुंडीकडे. अर्धाच पेला त्यांनी ठकूपुढे ठेवला आणि कपडे तसेच दोरीवर सोडून तिच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"पी गं माझी..." त्या म्हणायला गेल्या, आणि गप्प झाल्या.

ठकूने आजीकडे बघितलं, आईकडे बघितलं. कुणीच काही म्हणेना. तिने पेल्यात डोकावून पाहिलं, आणि एक घोट घेतला.