तळाचं बटण

"बटण परत 'पी'वर!" टेलिफोन मेकॅनिकने फोन उलटा करून दाखवला. "महिन्यात तिसरी खेप आहे माझी, काकू."

फोनच्या तळाला एक इवलंसं बटण होतं. एका बाजूला पी, दुसऱ्या बाजूला टी. पीवर असलं की फोन जुन्या चालीनं नंबर लावायचा. पाच दाबला की लाइन पाच वेळा तुटायची, टक टक टक. टीवर प्रत्येक आकड्याला दोन सुरांची वेगळी जोडी वाजायची. नव्या एक्स्चेंजला सूर तेवढे कळत. टकटक म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"येणारे फोन येतात," काका खुर्चीतून म्हणाले. "तेवढं पुरे आहे आम्हाला."

"तुम्हाला असेल पुरे! मला माझ्या लेकाशी बोलायचंय," काकू म्हणाल्या. मग मेकॅनिककडे वळल्या. "पाणी घेणार का हो?"

त्यांनीच दिलेला पेला त्याच्या हातात होता. त्याने हसून मान हलवली.

घरात माणसं दोन. बटण काही आपल्या पायांनी सरकत नाही. त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी नजर चुकवली.

असली माणसं त्याने घरोघरी पाहिली होती. कोणी डायलला कुलूप ठोकतं, कोणी वायर उपटून कपाटात ठेवतं, आणि बायकांना मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"जरा बाहेर येता?" काकांनी हळूच विचारलं.

"जे असेल ते इथंच बोला. काकूंसमोर."

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मेकॅनिकने चार स्क्रू काढले, आतली तार बटणाला वळसा घालून डाख लावून पक्की केली. "आता हे बटण नुसतं शोभेचं. कुठंही सरकवा, फोन टीवरच राहणार."

"नका हो!" काका धडपडत उठले. "पाया पडतो तुमच्या. होता तसा करून द्या."

"लाज वाटायला हवी, काका. आईला लेकाशी बोलू देत नाही?"

काका मटकन खाली बसले. दोन्ही तळहातांनी त्यांनी कान झाकून घेतले.

काकूंना नंबर तोंडपाठ होता. बोटं भराभर फिरली, सूर वाजले आणि पलीकडे घंटा खणखणली. "लागला!" त्यांचा चेहरा असा फुलला की मेकॅनिकला आपल्या कामाचं सोनं झाल्यासारखं वाटलं.

"सूनबाई, मी बोलतेय गं. दे बघू त्याला फोन."

पलीकडून बाईचा दमलेला आवाज आला, रिसीव्हरमधून मेकॅनिकपर्यंत स्पष्ट ऐकू येईल असा.

"आई, ते जाऊन चार वर्षं झाली हो. दर वेळी मी सांगते, आणि दर वेळी तुम्ही पहिल्यांदाच ऐकता."