खुळखुळा

मागच्या पडवीत तनुजाने लाकूडकाम मांडलं, तेव्हा सासूबाईंना एकच धास्ती होती, की यंत्रांच्या आवाजाने झोळीतलं बाळ सारखं दचकून उठणार. पण करवत किंचाळली, लाकूड कोरायचा राउटर घरघरला, तरी बाळ आपलं गाढ झोपलेलं.

"सुताराचं पोर ते, करवतीला भिईल होय?" सासूबाईंनी कौतुकाने कानशिलांवर बोटं मोडली. "अगदी आजोबांवर गेलंय!"

तनुजाला हायसं वाटलं. पहिली वस्तू तिने बाळासाठीच केली. राउटरने कडा गोल केलेला, पोटात चिंचोके भरलेला खुळखुळा.

बाळ जागं होतं, उजेडाकडे बघून हसत होतं. तिने मागून हळूच खुळखुळा वाजवला. मग जोरात. मग अगदी कानाशी नेऊन. बाळ उजेडाकडेच बघत राहिलं.

"पुरे गं बाई, कान किटले माझे!" सासूबाई आतून ओरडल्या.

तनुजाचा हात थांबेना.