पिवळीचं छत

"छतच लागत नाही अन् मी ते गाडी घेऊ? डोस्कं फिरलं काय बे तुहं?" वामनराव ओरडला. यार्डातले दोन गिऱ्हाईक वळून पाहाले लागले.

"हळू बोला ना, बाबा," दुर्गेश म्हणाला. "तो ऐकून राहिला."

"ऐकू दे!"

तो म्हणजे अमोल, दुर्गेशचा मोठा भाऊ. फाटकापाशी बापाच्या संत्र्याच्या पिकअपमध्ये बसला होता. बसवला होता म्हणा. दीड वर्षाआधी काटोल रोडवर ट्रकनं उडवलं, तवापासून कमरेखाली काहीच नाही. खाट ते खिडकी, खिडकी ते खाट. मागच्या महिन्यात क्लेमचे पैसे आले. आई त्याले पायाचे पैसे म्हणते. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करूनच अमोल बोलला, "स्पोर्ट्स कार घ्या. सेकंडहँड चालते." लय दिवसानं काही मागितलं त्यानं. त्याच हप्त्यात आईले त्याच्या उशीखाली झोपेच्या गोळ्या सापडल्या. एकेक करून जमवलेल्या. आई रडली नाही. म्हणे, त्याले गाडी घेऊनच द्या.

जरीपटक्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या ताराचंदकडे तसल्या दोनच गाड्या होत्या. लाल होती कूपे. दोन दारं, पक्कं छत, काळ्या काचा, एसी एकदम गार. पिवळी कन्व्हर्टिबल. तिचं कापडी छत मागं दुमडून पडलं होतं अन् मोटर जळल्यामुळं वर येतच नव्हतं.

"काका, लाल ले जाओ," ताराचंद म्हणाला. "पिवळी तर मी लग्नाच्या फोटोले भाड्यानं देतो फक्त."

"आयकलं?" वामनराव म्हणाला. "पंचेचाळीस डिग्रीत उघडी गाडी! पोराचे पापड वाळवाचे हायेत काय?"

पण दुर्गेश मघापासून पाहून राहिला होता. बापानं एसी एकदाच लावून पाहिला. लालच्या काचेपाशी मात्र तीनदा गेला. डोळ्यावर हात धरून आत वाकला, आतलं काहीच दिसत नाही म्हणून मान हलवली, अन् परत वाकला.

"तुम्हाले एसी नाही पाह्यजे," दुर्गेश म्हणाला. "तुम्हाले त्याले लपवाचं हाये."

वामनरावचा हात उठला होता. अर्ध्यातच खाली आला.

"लोक च्च च्च करतात," तो म्हणाला. "दवाखान्यात नेतो तवा पूरा चौक करते. तुले ऐकू नाही येत. मले येते."

दोघं पिकअपकडं गेले. अमोलले उचलून लालपाशी आणलं. बापानं काखेतून धरलं, दुर्गेशनं पाय. गाडी ठेंगणी, छत त्याहून ठेंगणं. डोकं धाडकन छताले लागलं. मग पाय आधी घातले, तर पाठ बाहेर राहिली. मग आडवा फिरवला, अन् तो तसाच दारात अडकला. शर्ट वर सरकला, लघवीची पिशवी दिसली. ताराचंदनं खालच्या मानेनं उगाच टायर दाबून पाहिला.

"राहू द्या, बाबा." अमोलचे डोळे बंद होते. "घरी चला. मले आता काहीच नको."

आवाज एकदम सपाट. गोळ्या सापडल्या त्या दिवशीही तो असाच बोलला होता. दुर्गेश भर यार्डात बापावर खेकसला, "बाबा, क्रेट! क्रेट कशी भरता तुम्ही?"

वामनराव थांबला.

वीस वर्षं झाली, मंडीत तो हमालायले हेच सांगत आला. संत्र्याची क्रेट बाजूनं ढकलाची नाही. घासली की माल डागी. दोघायनं दोन बाजूनं धराची, गाडीच्या फळीच्या वर न्याची अन् सरळ खाली सोडाची.

त्यानं लालकडं पाहिलं. मग पिवळीकडं. मग चपला काढल्या. माल भरताना काढतो तशाच.

"धर," तो म्हणाला. "वर... अजून वर... हां. आता सोड. हळू. सोड... सोड."

अमोल उन्हातून सरळ पिवळीच्या सीटवर उतरला. कुठं धक्का नाही, कुठं घासला नाही.

"अरे काका," ताराचंद म्हणाला, "ये तो ड्रायव्हर साइड है."

खरंच. घाईत चुकीच्या बाजूनं उतरवला होता. समोर स्टिअरिंग, खाली त्याचे पाय पेडलाजवळ एका अंगाले कलंडलेले, कोणी बूट काढून टाकल्यासारखे. फाटकाबाहेर सिटीबस थांबली होती. खिडक्या-खिडक्यातून लोक इकडंच पाहून राहिले होते. वामनरावनं झटक्यात खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् पोराच्या डोक्यावर टाकला. तोंड झाकेल असा.

अमोलनं तो ओढून फेकून दिला.

"चाल दादा, त्या बाजूले घेतो तुले," दुर्गेश खाली वाकला. "मी चालवतो ना. कुठं जाचं सांग फक्त."

अमोलनं स्टिअरिंग दोन्ही हातानं घट्ट धरलं. बोटं पांढरी पडली. दुर्गेशनं एक बोट सोडवून पाहिलं, ते परत जाऊन चिकटलं. अमोलची नजर उघड्या फाटकावर होती.

"बाजूले हो, दुर्गेश," तो म्हणाला. आवाज या वेळी सपाट नव्हता. "मले निघाचं हाये आता."