सातवा रकाना

आठल्येसाहेबांचं पेन सातव्या रकान्यावर टेकलं, आणि तेवढ्यात जळका वास आला.

"साहेब, धूर!" इलेक्ट्रिशियन भगवान धावत आत शिरला आणि त्यानं आधी मेन स्विच खाली ओढला. कॉम्प्युटर रूम एकदम गप्प झाली. डिस्क ठेवलेली दोन लोखंडी कपाटं होती, त्यांतल्या डाव्या कपाटातून निळसर धूर येत होता. भगवाननं मागचं झाकण काढलं, बॅटरी मारली आणि मान हलवली.

"सप्लाय उडालाय. जास्तीचं व्होल्टेज आत गेलं. ह्या आठही डिस्क खलास."

श्रीपाद आठल्ये पेन टाकून कपाटापाशी धावले. अंबरनाथच्या त्या रंगाच्या कारखान्याचा जीवच डाव्या कपाटात होता. चारशे बारा रंगांच्या कृती! कारखान्याचे रंगमास्तर अण्णांनी तीस वर्षं हातानं लिहिलेल्या सव्वीस वह्या. सगळ्या वह्या कॉम्प्युटरमध्ये चढवून झाल्या, तोवर त्यांना वाळवी लागली होती. मग आठल्यांनी त्या बॉयलरमध्ये घालायला लावल्या, तेही रीतसर लेखी हुकूम काढून. आणि टेपवर नक्कल काढायचं यंत्र? ते महिनाभर दुरुस्तीला पडलेलं.

"पण साहेब, प्रत्येक डिस्कला जोडी आहे ना?" भगवान म्हणाला. "एक गेली तर दुसरीवर तेच असतं, असं पूजेच्या दिवशी तुम्हीच सांगितलंत."

"आहे रे. शेजारीच आहे. त्याच कपाटात."

त्याचं असं होतं, की आठल्ये दर रविवारी वधूवर मंडळात बसायचे. एकशेतीन लग्नं जमवलेला माणूस! डिस्कचे गट लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतः तक्ता काढला. एक-दोनची जोडी, तीन-चारची जोडी, सगळं शेजारी शेजारी. "जोडपं कसं एका छपराखाली नांदायला हवं," असं म्हणत त्यांनी तक्त्याला हळदकुंकू लावलं आणि तो कुंदाच्या हातात दिला. कुंदा शेलार म्हणजे त्यांच्या हाताखालची नवी मुलगी. बदलापूरहून, मांजर्लीतून यायची. गट प्रत्यक्ष लावायचं काम तिचं.

"सर, एक डावीकडे आणि तिची जोडीदार उजवीकडे, असं नको का?" तिनं तेव्हा विचारलं होतं. "आमच्याकडे नदीचं पाणी घरात शिरतं ना, म्हणून आई तांदळाचा एक डबा घरी ठेवते आणि एक उंचावर, मावशीकडे."

आठल्ये पोट धरून हसले होते. "अगं, कॉम्प्युटर रूममध्ये उल्हास नदी येणार आहे का?"

"बरं, सर," कुंदा म्हणाली होती. विषय तिथंच संपला होता.

वास रंगशाळेपर्यंत पोचला असावा. अण्णा दारात येऊन उभे राहिले. हात कोपरापर्यंत जांभळे.

"श्रीपाद, माझे रंग?"

आठल्यांना अण्णांच्या तोंडाकडे बघवेना. "गेले, अण्णा. मीच घालवले. वह्यासुद्धा मीच जाळल्या हो." पन्नाशीतला तो माणूस सगळ्यांसमोर रडू लागला. अण्णा भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसले. चारशे बारा रंग आता पुन्हा आठवायचे कुणी?

कुंदा प्रिंटरजवळ उभी होती. मघापासून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"सर, उजवं कपाट चालू करू?"

"काय करायचंय त्याचं? त्यात स्टोअरचा माल आहे आणि हजेरी."

"नाही, सर. मी तुमचं ऐकलं नाही."

आठल्यांनी मान वर केली.

"तुमचा तक्ता मी लावलाच नाही. सगळ्या जोड्या फोडल्या. एक इकडे, एक तिकडे. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही. इतके दिवस रोज सांगायचं ठरवत होते."

भगवाननं डाव्या कपाटाच्या वायरी काढल्या आणि उजव्याला वीज दिली. पडद्यावर अक्षरं सरकू लागली. वीस मिनिटं गेली. कुंदा टाइप करत होती, आणि आठल्ये तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते.

"हळदी पिवळा काढ," अण्णा खालूनच म्हणाले. "नंबर एक्याऐंशी."

कुंदानं कळ दाबली. अण्णा उठले, चष्मा पुसून त्यांनी ओळीवर ओळ वाचली. शेवटी वहीतली त्यांचीच टीप होती, जशीच्या तशी: ढवळताना घाई केल्यास कपाळमोक्ष.

"माझाच आहे!" अण्णा ओरडले. जांभळ्या हातांनी त्यांनी कुंदाचे दोन्ही गाल धरले आणि पोरीचं तोंड जांभळं करून टाकलं. "वाचलो रे बाबांनो, वाचलो!" भगवान खो खो हसत सुटला. आठल्ये हसत होते की रडत होते, ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

चहा झाला, आणि ते टेबलाशी परत आले. फॉर्म तसाच पडला होता. कुंदाचे उमेदवारीचे सहा महिने संपत होते. शुक्रवारी हा गोपनीय अहवाल वर गेला की नोकरी कायम, नाहीतर घरी. सहा रकाने सकाळीच भरून झाले होते. सातवा होता: 'वरिष्ठांच्या सूचना तंतोतंत पाळतात काय?' तिथं ते डोळे मिटून 'होय' लिहिणार होते.

आठल्यांनी पेन उचललं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'नाही. सबब, तातडीने कायम करावे.'