समुद्राकडे तोंड

पेशंटना निवांत वाटावं म्हणून मी या आरोग्यधामाच्या व्हरांड्यात समुद्राकडे तोंड करून आरामखुर्च्या मांडल्या. रोज सकाळी बघावं तर सगळ्या इमारतीकडे वळलेल्या!

“अहो, उद्या पेशंट येणारेत. अजून किती डोकं खाणार माझं?” मी कंत्राटदारावर कावले.

“मॅडम, आईशप्पथ, कुणी हातसुद्धा लावत नाही.”

शेवटी वैतागून मी समोर उभी राहून एकेक खुर्ची फरशीला बोल्टने जखडून घेतली.

आज एकही हलली नव्हती. सुटले बाई!

जवळ गेले. प्रत्येक गादीवर, खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून गुडघे टेकावेत तसे दोन ओले खड्डे होते. पाठीच्या वरच्या कडेला ओली बोटं उमटली होती.

फाटकात पेशंटची गाडी वाजली. मी चिडून एक खड्डा सपाट करायला हात घातला.

हात गादीपर्यंत पोचलाच नाही; मध्येच न दिसणाऱ्या, ओल्या गुडघ्यावर अडला.